जड उतरणारी विमाने

एकदा एका अधिकाऱ्याने विमानांचा धूर कमी व्हावा म्हणून नियम केला: आपल्या विमानतळावर प्रत्येक कंपनीने दरवर्षी आधीपेक्षा कमी इंधन भरावे. वर्ष सरले आणि तिथे भरले जाणारे इंधन निम्म्यावर आले. सगळीकडे वाहवा झाली. हाच नियम देशभर लागू करण्याच्या आदेशावर त्या संध्याकाळी सही व्हायची होती. तत्पूर्वी स्वारी गुरूंचा आशीर्वाद घ्यायला टेकडीकडे निघाली.

गुरू म्हणजे विमानात किती वजन चढवायचे हे ठरवण्यात हयात घालवलेले वृद्ध गृहस्थ. येताना पायथ्याच्या विहिरीवरून दोन कळश्या भरून आण, असा त्यांचा निरोप होता. वर अंगणातच गोड्या पाण्याचा आड असताना हा कसला हट्ट? पण गुरूंना विचारणार कोण! भर उन्हात शिष्य चढला. निम्म्या वाटेवर घसा कोरडा पडला आणि अर्धी कळशी त्यानेच संपवली.

गुरूंनी कळशीत डोकावून विचारले, "एरवी चढताना किती पाणी पितोस?"

"एखादा घोट. आज ओझं होतं, गुरुजी."

"आणि माझ्या आडातून आज किती उपसलं?"

"काहीच नाही."

"मग गावाला सांगू, की आज आमच्याकडे पाण्याची बचत झाली?"

शिष्य हसला. गुरू हसले नाहीत.

"तुझा नियम फक्त तुझ्या आडाकडे बघतो. बाहेरून येणारी विमानं आता परतीचंही इंधन भरून आणतात. ते वजन वाहायला आणखी इंधन जळतं. काल एक वैमानिक येऊन गेला. म्हणाला, हल्ली तुमच्याकडे उतरताना विमान फार जड असतं. बाळा, किती जाळलं ते मोज. कुठे भरलं, याने काय कळणार?"

शिष्याला हिशेब उमगला. ज्या नियमासाठी हार घालून घेतले, त्यानेच आकाशात जास्त धूर ओतला होता. आणि हा माणूस लबाड नव्हता, प्रामाणिक होता. मला तर हेच अधिक भयंकर वाटते.

शिष्याने तिथूनच मंत्रालयात फोन लावला. "ती सही थांबवा. धूर वाढलाय, आणि तो माझ्या नियमाने वाढलाय."

पलीकडून विचारणा झाली, की संध्याकाळी तुमचा सत्कार ठेवलाय, त्याचे काय करायचे.

"मी येतो," शिष्य म्हणाला. "सगळ्यांसमोर हेच सांगायला येतो."