हौसाबाईंचा कापूस

"लेकरं सांभाळण्यात शिकण्यासारखं असतं तरी काय, बाई?"

हौसाबाई कापसाची वात वळत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"मग तू आलीस कशाला?"

"सहीसाठी."

केतकी जगदाळेत दोष शोधायला बसलं तर पुष्कळ सापडले असते, पण खोटं बोलणं त्यात नव्हतं. ती खरोखरच सहीसाठी आली होती.

बारावीला तिला अठ्ठ्याऐंशी टक्के पडले होते. घरच्यांनी तिला मनातल्या मनात फार्मसीला घालून टाकलं होतं, शेजाऱ्यांना पेढेसुद्धा पोचले होते. आणि ऐन वेळी ही म्हणाली, मला तालुक्याच्या संस्थेतला बालसंगोपनाचा एक वर्षाचा कोर्स करायचाय. मला लहान मुलांतच काम करायचंय, जन्मभर.

तिच्या वडिलांनी, रंगरावांनी, हातातला घास ताटात ठेवला. "नाकं पुसायला सायन्स घेतलं व्हतंस व्हय?" एवढंच ते बोलले आणि पुढे तीन दिवस बोललेच नाहीत. चौथ्या दिवशी मात्र त्यांनी स्वतःच तोंड उघडलं. हौसाबाईंनी सही दिली तर माझी ना नाही, म्हणाले.

कोर्सच्या अर्जावर तशी अटच होती. एक सकाळ एखाद्या बालवाडीत काढायची आणि तिथल्या जुन्या बाईंची शिफारस आणायची. गावात बालवाडी एकच, मारुतीच्या देवळामागची, आणि बाईही एकच. चाळीस वर्षं. रंगराव स्वतः तिथेच शिकले होते.

अर्जाचा शेवटचा दिवस आजचा. संस्थेचं ऑफिस एकला बंद होणार.

केतकीला हे काम हातचा मळ वाटत होतं. दोन चुलतभाऊ तिने कडेवर वाढवले होते, आळीतली पोरं तिच्या ओढणीला लोंबकळत असत. मनातून ती केव्हाच पास झाली होती, राहिला होता तो फक्त कागद.

तिने अर्ज बाईंच्या पुढ्यात ठेवला. पेनाचं टोपण काढून पेन त्यांच्या हातात दिलं.

हौसाबाईंनी पेन घेतलं. टोपण पुन्हा लावलं, चांगलं दाबून लावलं, आणि पेन अर्जावर आडवं ठेवून दिलं.

"पोरं घरला जाऊ देत."

...

सकाळभर केतकीने पाहिलं, आणि जे पाहिलं त्याने तिचं मत काही सुधारलं नाही. अकरा पोरं. कुणी चिंचोके मोजत होतं, कुणी पाणी सांडून पुसत होतं, एकजण नुसताच दाराच्या कडीशी खेळत होता. आणि बाई भिंतीला टेकून वाती वळत होत्या. शेजारी टोपली, टोपलीत वाती. दरवर्षी कोर्सच्या मुली इथे शिकायला येतात आणि त्यांनाही बाई हेच करायला बसवतात, हे तिने गावात ऐकलं होतं. मारुतीच्या समईची वर्षाची सोय झाली, पण पोरांकडे बघायचं कुणी, असं तिच्या मनात आलं.

साडेअकराला बाईंनी घंटा हलवली. पोरं ओट्यावर येऊन चपला-बूट घालायला बसली.

आता मात्र केतकीला राहवेना. ती पुढे झाली. याचा अंगठा आत, तिचा पट्टा वर, याची नाडी, तिचं बक्कल. पाच मिनिटांत अकरा जोड पायांत. हात झटकत तिने बाईंकडे पाहिलं. शाबासकी मागायची पद्धत नसते म्हणून, नाहीतर मागितलीच असती.

बाईंची वात चालूच होती.

तेवढ्यात मुक्ता नावाची एक चिमुरडी ओट्यावर परत बसली. साडेतीन वर्षांची असेल. तिने सँडलचं बक्कल सोडलं. एक सँडल काढली, मग दुसरी काढली. दोन्ही पुढ्यात मांडल्या आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

"अगं, घातल्या होत्या ना मी?" केतकी वाकली.

मुक्ताने तिचा हात बाजूला ढकलला. रागाने नाही. मधे आलेली मांजर सरकवावी, तसा.

मुक्ताचं बघून शेजारच्याने बूट काढला. मग त्याच्या शेजारच्याने काढला. बघता बघता अकराच्या अकरा पोरं अनवाणी झाली आणि केतकीची सगळी मेहनत ओट्यावर पसरली.

तिला रडूच यायचं बाकी होतं. त्यात बाराची एसटी. ती चुकली तर पुढची सव्वाबाराची, आणि ती वेळेवर येईल याचा भरवसा एसटीच्या ड्रायव्हरलाही नसे.

हौसाबाईंनी जरा सरकून जागा केली. केतकी बसली. बाईंनी तिच्या हातात कापूस दिला.

"वळ."

"मला नाही येत."

"तुझ्या बापाला चप्पल येत न्हवती. आठ म्हैनं उलटी घालून घरला जायाचा."

केतकीला हसू आलं. रंगराव जगदाळे, सोसायटीचे चेअरमन, उलट्या चपलांत.

"मग तुम्ही काय केलंत?"

बाईंनी हातातली वात वर धरून दाखवली.

"ह्येच. टोपल्या भरल्या."

...

केतकी वळू लागली.

मुक्ताचा पट्टा बकलात शिरत होता आणि लगेच निसटत होता. केतकीचा हात उठला. हातात कापूस होता. तिने तो ओढला, पिळला, वात गाठाळ झाली. पट्टा पुन्हा निसटला. हात पुन्हा उठला. आणखी एक वाकडी वात. मांडीवर वाकड्या वातींचा ढीग जमला, मारुतीसुद्धा नको म्हणाला असता अशा.

एकेक पोर उठून गेलं. बाराची एसटी वेशीवर थांबली आणि निघूनही गेली. ओट्यावर मुक्ता एकटी राहिली. तिची आई फाटकाशी उभी होती, तीही काही बोलत नव्हती. या बालवाडीच्या आयांनाही तेवढं शिक्षण झालेलं दिसत होतं.

मुक्ताने जीभ दातांत धरली. पट्टा आत गेला. काटा भोकात बसला. तिने दुसरा पाय पुढे घेतला आणि तोही जमवला. मग ती उठली, तिने दोनदा पाय आपटून पाहिले आणि वळून थेट केतकीकडे बघितलं.

त्या चेहऱ्याने केतकीचे डोळे भरून आले. अठ्ठ्याऐंशी टक्क्यांच्या दिवशीही तिला इतकं बरं वाटलं नव्हतं, आणि यात तर तिने काहीच केलं नव्हतं.

सँडल उलट्या पायांत होत्या. ते केतकीच्या अगदी ओठांवर आलं. तिने ते गिळलं आणि मान डोलावली.

मुक्ता आईचं बोट धरून फताक फताक निघून गेली.

...

बारा वाजून दहा मिनिटं.

हौसाबाईंनी अर्ज मांडीवर घेतला आणि पेन उचललं. सकाळी त्यांनीच दाबून लावलेलं टोपण आता निघेना. संधिवाताने बोटं वाकडी झालेली. एकदा ओढलं. निघालं नाही. पदरात धरून ओढलं. तरी नाही.

केतकीचा हात गुडघ्यावरून उठला, निम्म्या वाटेवर गेला...

आणि परत आला. परत येताना त्याने टोपलीतला कापूस उचलला.

ती वात वळत राहिली.

टोपण निघालं. बाई सही करू लागल्या. त्या अक्षरं शिकल्या होत्या वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, म्हणून त्यांना एकही अक्षर फुकट घालवायचं नव्हतं. ह लिहिला. थांबल्या. त्याला काना दिला. मग दोन मात्रा, एक झाली, दुसरी झाली. वेशीवर एसटीचा हॉर्न वाजला. बाई सा लिहीत होत्या.

केतकीने मान वर केली नाही. हॉर्न वाजल्याचं तिला कळलंच नाही, असं ती पुढे सांगे, आणि ती खोटं बोलत नसे हे आपल्याला ठाऊकच आहे.

आडनावाची शेवटची वेलांटी पुरी झाली तेव्हा दारात सावली पडलेली दिसली. रंगराव उभे होते. मोटरसायकल बंद करून, चपला पायरीवर नीट काढून, केव्हाचे उभे होते कोण जाणे. मुलीला तालुक्याला पोचवायचंच म्हणून ते आले होते, हे त्यांच्या बगलेतल्या फाइलवरून दिसत होतं. तरी त्यांनी चल म्हटलं नाही. ते बाईंच्या हाताकडे बघत होते.

बाईंनी अर्ज केतकीला दिला. तिने तो दोन्ही हातांनी घेतला आणि बसल्या जागीच वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

"बाई, वर्षभर आता काय काय शिकायचं?"

हौसाबाईंनी तिच्या मांडीवरची शेवटची वात उचलली आणि उजेडात धरली.

"ही सरळ आली बघ."