दोर धरणारे हात

एका उंच कड्याखालच्या गावात एक मध काढणारा राहत होता. कड्याच्या कपारीत आग्या मोहोळं लटकलेली असायची. हा कमरेला दोर बांधून वरून खाली उतरायचा, धुरानं माश्या उठवायचा आणि पोळं कापून टोपलीत घ्यायचा. सगळं गाव याच कामावर जगत होतं.

त्या गावचा एक रिवाज होता. उतरणाऱ्याचा दोर वर धरायचा तो त्याच्या मेव्हण्यानं, म्हणजे बायकोच्या भावानं. दुसऱ्या कोणी दोराला हात लावायचा नाही, बायकांनी तर मुळीच नाही. भाऊ कितीही भांडखोर असला तरी बहिणीचं कुंकू हातातून सुटू देणार नाही, असा त्यामागचा विचार. विचार चांगलाच होता. पण भावाचं प्रेम शाबूत असून भागत नाही, हातही शाबूत लागतात, हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

आता गांजाची गोष्ट. डोंगरापलीकडून गांजा यायचा आणि गावातले काही जण तो ओढायचे. त्यावरून चावडीत दोन पंचांचं कायम जुंपलेलं असायचं.

थोरले पंच म्हणायचे, "ओढणाऱ्याच्या कपाळाला तापल्या सळईचा डाग द्या आणि वेशीबाहेर हाकलून द्या!"

धाकटे पंच म्हणायचे, "धूर माझ्या छातीत जातो, तुमचं काय जळतं? उघड्यावर विकू द्या, उघड्यावर ओढू द्या!"

थोरले हे बोलायचे ते मोहाची दारू पोटात गेल्यावर. ती नशा नव्हती बरं का, ती थंडीवरचं औषध होती! कायदा थोरल्यांचाच चालायचा, तरी धाकटे आपल्या ओसरीवर खुशाल चिलीम ओढत बसायचे, पण सळई कधी त्यांच्या कपाळाकडे वळली नाही. ती वळली एका गरीब गुराख्याकडे. डाग घेऊन तो वेशीबाहेर गेला, पुढे त्याचं काय झालं हे कोणी विचारलंसुद्धा नाही. आणि या दोन्ही शहाण्यांपैकी एकही जण जन्मात कधी दोराला लटकलेला नव्हता.

मध काढणाऱ्याच्या बायकोला या वादाशी काही देणंघेणं नव्हतं. पण तिची भावजय बाळंतपणात गेली आणि भावानं चिलीम जवळ केली. त्याच्या घोंगडीला येणारा वास तिनं ओळखला होता. ती कोणाला बोलली नाही, नवऱ्यालाही नाही. आपल्या भावाच्या कपाळावरचा डाग तिला बघवला नसता.

पहिलं पोळं काढायच्या दिवशी सगळा गाव कड्यावर जमला. ते पोळं देवाला जायचं, म्हणून दोन्ही पंच सावली बघून उभे होते. भाऊ उशिरा आला. डोळे लालभडक, आणि झाडाच्या बुंध्याला दोराचा वेढा घालताना बोटं चुकत होती. बहीण जवळ गेली.

"दादा, ओढलीस?"

त्यानं मान खाली घातली. "थोडी. रातभर डोळ्याला डोळा लागला न्हवता."

"मग सांग की, आज जमायचं न्हाई म्हणून."

"का जमायचं न्हाई, म्हणून इचारतील. काय सांगू? समोरच उभं हाईत दोघं." त्याचा हात नकळत कपाळाकडे गेला. "एवढ्या बारीला धरतो. काय होत न्हाई."

ती नवऱ्याकडे गेली. तो कमरेला गाठ मारत होता. "आवं, आज नका उतरू. मला बरं वाटंना."

"तुला बरं न्हाई तर तू घरी जा," तो हसत म्हणाला. "मी कशाला येऊ?"

लोकही हसले. तिनं एकदा नवऱ्याच्या गाठीकडे पाहिलं, एकदा भावाच्या कपाळाकडे, आणि ती गप्प बसली. एका तोंडानं नवरा वाचवायचा तर भाऊ जायचा, भाऊ वाचवायचा तर नवरा. बाईला अशा जागी आणून उभं करणाऱ्या कायद्याला आग लागो!

तो उतरला. सुरुवातीला दोर ठीक सुटत होता. मग खालून त्यानं थांबायची खूण म्हणून दोर ओढला. वर भाऊ खालून येणाऱ्या धुराकडे टक लावून बघत बसला होता. खूण त्याच्या हाताला कळलीच नाही. वेढा ढिला पडला आणि दोर सरसर पळायला लागला.

तिनं झेप घेतली. रिवाज, विटाळ, काही आठवलं नाही तिला. पळता दोर दोन्ही मुठींत धरला आणि झाडाच्या मुळीला पाय रोवले. तळहातांची सालटी निघाली, तरी तिनं सोडला नाही. दोर थांबला. नवरा वाचला, पण तोवर तो खडकावर असा आपटला होता की गुडघ्याचा चुरा झाला.

संध्याकाळी चावडी भरली. नवरा बाजेवर कण्हत होता, भावाला खांबाला बांधलं होतं आणि सळई निखाऱ्यात होती. पंचांना तर पर्वणीच.

"बघा!" थोरले गरजले. "आधीच सगळ्यांना डागलं असतं तर हे घडलं असतं का?"

"बघा!" धाकटे त्याहून मोठ्यानं ओरडले. "बंदी नसती तर बिचारा लपूनछपून कशाला ओढता?"

एका माणसाचा गुडघा फुटला होता आणि दोघं तो एकमेकांच्या अंगावर फेकत होते. हळदीच्या चिंध्या बांधलेले हात घेऊन बायको मधोमध येऊन उभी राहिली.

"बास करा!" ती कडाडली. "ह्याचा गुडघा तुमच्या भांडणासाठी फुटला न्हाई. माझ्या भावाला ठाऊक हुतं की आज हात बरं न्हाईत. मला ठाऊक हुतं. आमी दोघं तुमच्या सळईला भिऊन गप बसलो. आणि धाकटं पंच, तुमी कड्यावरबी चिलमी पेटवायला निघालात! उद्या तुमी दोघं उतरा. तुमच्या तुमच्या मेव्हण्यांनी दोर धरायचा. मग बोला."

"उतरा! उतरा!" सगळा गाव ओरडला. पंचांना हो म्हणावं लागलं.

सकाळी थोरल्यांच्या कमरेला दोर बांधला. त्यांनी खाली दरी पाहिली आणि मेव्हण्याकडे वळले. त्याचे डोळे तांबारलेले होते. जागरणानं, धुरानं की भीतीनं, कळायला मार्ग नव्हता.

"काय रे, ओढली नाहीस ना?"

"न्हाई."

"खरं सांग."

"न्हाई म्हन्तो न्हवं."

थोरल्यांना घाम फुटला. "अरे बाबा, मी काही करणार नाही तुला! फक्त खरं सांग!"

मेव्हणा जमिनीकडे बघत म्हणाला, "दाजी, सळई तुमच्याच घरी आसती."

थोरल्यांनी कमरेची गाठ सोडली.

धाकटे पंच खुदकन हसले. "तुमी हसू नगा," मध काढणाऱ्याची बायको त्यांना म्हणाली. "तुमचा मेव्हणा तिकडं चिलीम भरतोय बघा, अगदी उघड्यावर. बांधू दोर?"

धाकटे मागे सरकले. "इथं? अरे, इथं कशाला ओढतोस मुडद्या!"

त्याच दिवशी सळई दरीत गेली आणि खांबाला बांधलेल्या भावाला डाग न देता सोडलं. गावानं ठरवलं, दोर हातात घेण्याआधी धरणाऱ्याला रोज विचारायचं. तो 'आज नको' म्हणाला तर कारण विचारायचं नाही, डाग द्यायचा नाही, दोर दुसऱ्यानं धरायचा, मग ती बाई असली तरी चालेल. मात्र यापुढे नशेत खोटं बोलून जो दोर धरेल, त्याच्या हाती पुन्हा कधी दोर द्यायचा नाही. कड्यावर चिलीम नाही, मोहाची दारूही नाही. आणि नशेतून सुटायचं असेल त्याला वैद्याकडे न्यायचं, वेशीबाहेर नाही. गांजा विकावा की विकू नये, यावर पंच अजून भांडतात. भांडू देत!

पुढच्या हंगामात कड्यावर दुसराच एक तरुण उतरणार होता; त्याला मेव्हणा नव्हता, म्हणून त्याचा दोर मध काढणाऱ्याच्याच मेव्हण्यानं धरायचा होता. मध काढणारा आता उतरत नसे, काठी टेकत जेमतेम वरपर्यंत यायचा. त्याच्या मेव्हण्याची चिलीम बरीच सुटली होती, पण पुरती नाही. दोर पुढे आला तसा तो आपल्या बोटांकडे बघत राहिला आणि त्यानं दोर जमिनीवर ठेवला.

"आज नगं. माझं हात बरं न्हाईत."

कोणी काही विचारलं नाही. बहीण पुढे झाली, वण राहिलेल्या तळहातांनी तिनं दोर उचलला आणि झाडाला वेढा घातला. मग काठी टेकून उभ्या असलेल्या नवऱ्याच्या पायाकडे तिचं लक्ष गेलं आणि तिचा संताप पुन्हा उसळून आला. एवढंसं वाक्य भावाला गेल्या साली बोलता आलं असतं, तर तो पाय आज धड असता.

तात्पर्य, आणि हे आधी पंचांना ऐकवा: माणसानं नशा करावी की नाही यावर हवं तेवढं भांडा, पण 'आज माझे हात बरे नाहीत' हे त्याला निर्भयपणे सांगता येत नसेल, तर तुमच्या कायद्याची किंमत दोराला लटकलेला माणूस मोजतो.