छत्तिसावा फोटो

“…आणि एवढ्या झाडांत सगळ्यात सुंदर फांदी कोणती म्हणाल, अम्मा?”

अम्मा डोल्मांनी सुपातून मान वर केली नाही. ऐंशीच्या घरातल्या त्या तिबेटी भिक्षुणी गोम्पाच्या, म्हणजे बौद्ध मठाच्या, अंगणात, बागेकडे पाठ करून, राजमा निवडत बसल्या होत्या.

त्यांच्या पाठीमागे चेरीची बाग उतरत गेली होती. पांढरीशुभ्र, पार दरीच्या कडेपर्यंत. खालून धुकं यायचं, झाडांत शिरायचं, आणि मग धुकं कुठलं नि फुलं कुठली, ते कळेनासं व्हायचं.

“सकाळपासून फिरतोयस,” त्या मोडक्या हिंदीत म्हणाल्या. “तुला नाही सापडली?”

“एकही नाही.”

यशवंत कारखानीस म्हणजे पुण्यातले नावाजलेले फोटोग्राफर. स्पर्धांमध्ये इतरांच्या फोटोंना नावं ठेवण्यात त्यांची हयात गेलेली. सिमल्याहून सहलीच्या बसनं ते आले होते. बरोबरची मंडळी तासाभरात हवे तेवढे फोटो काढून खाली चहाला गेली. हे मात्र एकेका झाडाखाली उभे राहत, मान तिरकी करत, आणि पुढे सरकत. ही फांदी फार भरगच्च. त्या फांदीमागे विजेची तार. ही बरी होती, पण तेवढ्यात ऊन गेलं.

गळ्यात त्यांचा नेहमीचा मोठा कॅमेरा नव्हता. हातात एक साधा, रोलचा कॅमेरा होता.

“माझ्या बायकोचा,” ते म्हणाले. “सुलभाचा. छत्तीसचा रोल. पस्तीस तिनं काढले… एक उरलाय. तिला हा बहर बघायचा होता. दर वर्षी म्हणायची. दर वर्षी मला काही ना काही काम निघायचं.”

अम्मांचे हात थांबले.

“जाऊन किती दिवस झाले?”

“तीन वर्षं. दर वर्षी येतो आणि तसाच परत जातो. एकच तर आहे. कसाही काढून कसं चालेल?”

“तिनं कशाकशाचे काढलेत?”

“ठाऊक नाही. मी कधी विचारलंच नाही. रोल संपला की धुवायला द्यायचा, मग कळेल.” कारखानीस थबकले. बोटं कॅमेऱ्यावरून नुसतीच फिरत राहिली. “पण मग… संपेलच की सगळं.”

…

वारा सुटला. पाकळ्या आल्या, कुठलीही घाई नसल्यासारख्या. काही सुपात पडल्या, काही अम्मांच्या मुंडन केलेल्या डोक्यावर. मधमाश्यांची गुणगुण तेवढी ऐकू येत होती. आपण किती वेळ असे उभे आहोत, हे कारखानिसांना समजेना. क्षणभर वाटलं, शेजारी कुणीतरी येऊन उभं आहे. त्यांनी वळून पाहिलं नाही.

“आण बघू इकडे,” अम्मा म्हणाल्या.

त्यांनी कॅमेरा दोन्ही हातांनी घेतला, उलटासुलटा केला आणि छोट्या खिडकीला डोळा लावला.

“कुठं दाबतात?”

“हे वरचं बटण,” सवयीनं पुढे वाकून कारखानीस म्हणाले. “पण अम्मा, दाबू मात्र—”

खट्.

मग कॅमेऱ्याच्या पोटातून घरघर सुरू झाली. रोल आपोआप उलटा गुंडाळला जात होता. कारखानीस हात पुढे केलेले, तोंड अर्धवट उघडलेलं, अशा अवस्थेत ती घरघर ऐकत राहिले. बराच वेळ चालली ती. मग थांबली.

“हे काय केलंत तुम्ही!” त्यांचा आवाज चिरकला. “अहो, फुलं तुमच्या पाठीमागे आहेत! फोटोत मीच आलो, आणि माझ्यामागे तर स्वयंपाकघराची भिंत आहे नुसती. तीन वर्षं जपला होता मी… तीन वर्षं…”

ते तिथंच, राजम्याच्या पोत्याशेजारी, मटकन खाली बसले आणि तोंड ओंजळीत लपवून रडू लागले. सुलभा गेली त्या दिवशीही ते असे रडले नव्हते.

अम्मांनी त्यांना रडू दिलं. दरीतून बसचा हॉर्न ऐकू आला. एकदा. पुन्हा एकदा.

मग त्यांनी कॅमेरा कारखानिसांच्या मांडीवर ठेवला, आणि सूप पुन्हा जवळ ओढलं.

“झाडं काय रे, पुढच्या वर्षीही फुलतील.”