रेवणबुवा पुरावा ऐकतात

“पण समोरच्याला न सांगता त्याचं बोलणं फोनात भरून घेणं... ह्यो गुन्हा हाय का न्हाई? तेवढं सांग, वकील.”

रेवणबुवांनी एवढं विचारलं आणि चिंचेचा एक आकडा लाकडी मोगरीखाली धरून फोडला.

मनोहर कोरके वकील याच प्रश्नाची वाट पाहत होते. त्यांनी घसा साफ केला.

“महाराज, त्याचं असं आहे. दुसऱ्या दोघांचं बोलणं तिसऱ्यानं चोरून ऐकलं तर ते बेकायदेशीर. पण बोलणाऱ्या दोघांतले एक आपण स्वतः असलो, तर त्याला गुन्हा म्हणावं असं सरळ कुठं लिहिलेलं नाही. माणसाला खासगीपणाचा हक्क मात्र आहे. त्यामुळं काही न्यायाधीश असा पुरावा चालवून घेतात, काही नाक मुरडतात. शिवाय सोबत दाखला जोडावा लागतो, की हेच ते यंत्र, हाच तो आवाज...”

“म्हंजी गुन्हा हाय बी, आन न्हाई बी.”

“...तसंच म्हणायचं.”

“आमच्या ब्रह्मावानीच हाय की तुमचा कायदा.”

वकील हसले नाहीत. मठात हसायचं नसतं, असं त्यांचं त्यांनीच ठरवून टाकलं होतं.

पिंपळढवच्या या मठात एक रीत होती. येणारा मोठा असो की धाकटा, पुढ्यात जे काम पडलं असेल त्याला हात लावल्याशिवाय बुवा त्याच्याशी बोलत नसत. रिकामे हात असले की जीभ भरकटते, असं त्यांचं म्हणणं. फाल्गुन लागला होता आणि आवारातल्या चार झाडांची चिंच अंगणात पसरली होती. तेव्हा इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातले कोरके वकील मांडीवर रुमाल अंथरून चिंचोके काढत बसले होते. त्यांची दहाही बोटं पेरापर्यंत तपकिरी झाली होती.

त्यांच्या फोनवर येणारा-जाणारा प्रत्येक शब्द आपोआप साठवला जायचा. पक्षकार आज एक बोलतात आणि उद्या शब्द फिरवतात, म्हणून सहा वर्षांपूर्वी त्यांनी ही सोय करून घेतली होती. कोर्टात तिचा तीनदा फायदा झाला होता. ती तिन्ही उदाहरणं ते कुणी न विचारता सांगत.

आजचं प्रकरण मात्र कोर्टातलं नव्हतं. आरोपी होता तुळशीराम पखवाजी. पहिलीपासून वकिलांच्या बाकावर बसलेला. बुवांच्या कीर्तनात वीस वर्षं तोच पखवाजावर होता, आणि वकिलांना या मठाची वाट दाखवली तीही त्यानंच.

“येत्या एकादशीच्या आत त्याला पखवाजावरून उठवा, महाराज. माझा मित्र आहे म्हणून मी गप्प बसणार नाही. गुरुनिंदा केलीय त्यानं.”

“कुणाजवळ?”

“माझ्याजवळ. सोमवारी, फोनवर.”

“आन तू भरून घेतलीस.”

“घेतली. हातच्या कांकणाला आरसा कशाला? ऐकवतोच.”

“ऐकव की.”

वकिलांची तयारी पक्की होती. नेमका शब्द चौथ्या मिनिटाला होता, तिथूनच ते लावणार होते. घरी त्यांनी तो सात वेळा ऐकला होता, आणि सातही वेळा तिथूनच.

त्यांनी दोन बोटांच्या चिमटीत खिशातला फोन ओढला. काचेवर बोट फिरवलं. काच चिकट झाली. पुन्हा फिरवलं, तर फोन हलेना की डुलेना. रुमालानं पुसायला गेले तो रुमालही चिंचेनं माखलेला. शेवटी त्यांनी बोटाच्या मागच्या हाडानं एक टिचकी दिली आणि फोन सुरू झाला, तो अगदी पहिल्यापासून.

“थांबा, थांबा महाराज, हे नाही. हात धुऊन येतो...”

“ऱ्हाऊ दे. पयल्यापासनं ऐकल्यालं बरं असतंय.”

फोनमधून तुळशीराम बोलू लागला. “काय न्हाई रे मन्या. जाऊ दे.”

मग वकिलांचाच आवाज आला. “अरे बोल की. मी काय परका आहे?”

“नको बाबा. मोठ्या माणसाविषयी बोलू नये.”

“तुझ्या पोटात काहीतरी आहे, तुळशा. बोलून टाक, हलकं वाटेल. शपथ आहे, माझ्या तोंडून कुणाला कळणार नाही. इथलं इथंच राहील.”

अंगणात वकिलांनी पटकन एक आकडा उचलला आणि उगाचच सोलायला घेतला. हे आपण बोललो होतो, हे ते साफ विसरून गेले होते.

“बुवा थकले रे,” फोनातला तुळशीराम म्हणाला. “परवाच्या कीर्तनात उंटाचा दृष्टांत दोनदा सांगितला. पयल्या बारीला उंट मेला. दुसऱ्या बारीला त्योच उंट चालत घरला आला. आन मी खुळ्यासारखा दोन्ही बारीला पखवाज वाजवतोय.”

मग त्यानं नक्कल केली. “अहं... अहं... तर मंडळी, त्यो उंट...”

नक्कल हुबेहूब होती. आणि ती संपायच्या आत फोनमध्ये कुणीतरी हसायला लागलं. साधं हसणं नव्हे. गडगडून, मांडीवर थापा मारत, श्वास अडकेपर्यंत.

“पुन्हा कर, तुळशा! आणि ते मध्येच उपरणं सावरतात, ते कर.”

“उपरणं फोनवर कसं दाखवू, गाढवा?”

पुन्हा तेच हसणं. ते ओसरल्यावर तुळशीरामाचा आवाज खाली आला.

“हसतोय खरा मी... पण त्यांना आता हाताला धरून बसवाय कुणीतरी पायजे रे. त्यांना सोडून मला तरी कुठं जायचंय?”

इथं फोन थांबला.

वकिलांना मान वर करवेना. एवढा शेवटापर्यंत त्यांनी तो कधी ऐकलाच नव्हता. पुरावा मिळाला की पुढचं ऐकायची त्यांना सवय नव्हती.

बुवांनी हातातला आकडा खाली ठेवला.

“वकील.”

“जी.”

“उंट खरंच मेला होता?”

“...पहिल्या वेळी, हो महाराज.”

“आन मग घरला आला?”

“आला.”

बुवा हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईतो हसले. हात चिंचेचे असल्यामुळे डोळे पुसता येईनात, तेव्हा खांद्यानंच पुसले.

“झालं ते बरं झालं. त्यो मेलेला मला बी कधी आवडला न्हवता.”

“पण महाराज, निंदा ती निंदाच...” वकील म्हणाले. आवाजात मघाचा जोर उरला नव्हता. वकील माणूस, खटला हरत आला तरी शेवटचं वाक्य बोलल्याशिवाय राहवत नाही.

बुवा उठले. त्यांनी कोपऱ्यातला तांब्या आणला आणि वकिलांच्या हातावर पाणी ओतू लागले. वकील अवघडले. गुरूनं शिष्याचे हात धुवायचे म्हणजे काय... पण चिंचेचा चिकटा हट्टी असतो, हात चोळण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

“आता त्याला फोन लाव,” बुवा म्हणाले. “आन बोलायच्या आदी सांग, भरून घेतोय म्हणून. मग तर बसतंय न्हवं कायद्यात?”

“मग पूर्ण बसतं.”

वकिलांनी फोन लावला आणि दोघांना ऐकू जाईल असा दोघांच्या मधे ठेवला.

“काय रे मन्या, जेवलास का?”

“तुळशा... हा फोन रेकॉर्ड होतोय.”

“कामून?”

“सगळेच होतात. सहा वर्षं झाली.”

पलीकडं कुठंतरी शेळी ओरडली.

“सोमवारचा बी?” तुळशीरामानं विचारलं.

“सोमवारचाही.”

“नक्कल बी?”

“...ती पण.”

“कुणाला ऐकवलीस?”

चाळीस साक्षीदारांना घाम फोडलेल्या वकिलांनी बुवांकडं पाहिलं.

बुवांनी तोंड फोनजवळ नेलं.

“अहं... अहं...”

पलीकडं कुणीतरी खाली बसल्याचा आवाज झाला.

“नमस्कार, महाराज,” तुळशीराम म्हणाला.

“नमस्कार. खोकला झ्याक जमलाय. दुसरा ‘अहं’ तेवढा जरा लांबव.”

“...जी.”

“आन एकादशीला ये. उंट पुन्हा मराय लागला की पखवाजावर एक थाप मार. मी वळतो.”

“जी, महाराज.” आता त्याच्या आवाजात हसू फुटलं होतं.

ते हसू ऐकून वकिलांना धीर आला. ते फोनवर वाकले.

“तुळशा, ऐक ना...”

“बोला, वकीलसाहेब.”

तिसरीत पाटी फुटली तेव्हाही तो ‘मन्या’च म्हणाला होता. लग्नाच्या मांडवात, भटजींच्या देखत, मन्याच म्हणाला होता. एकदा भर कोर्टात न्यायाधीशांच्या समोर मन्या म्हणाला, तेव्हा वकिलांनी त्याला बाहेर नेऊन झापलं होतं. त्या दिवशी जे मागितलं ते आज मिळालं.

“मी संध्याकाळी घरी येतो तुझ्याकडं,” ते कसेबसे म्हणाले.

“या.”

“...येतो.”

“या की. फोन तेवढा घरी ठेवून या.”

त्यानं फोन ठेवला.

अंगणात ऊन सरकून चिंचेच्या ढिगावर आलं होतं. बुवा पुन्हा मोगरी घेऊन कामाला लागले. ठक... ठक...

“मला वकीलसाहेब म्हणाला, महाराज. ‘या’ म्हणाला.”

“या म्हणला न्हवं? मग जा. येऊ नगा म्हणला असता तर म्या काय केलं असतं?”

“चूक माझी आहे.”

बुवांनी चिंचोका बाजूला टाकला.

“कायद्यात बसतं की नाही, एवढंच बघत राहिलो मी. त्याला ‘इथलं इथंच राहील’ म्हणालो होतो, हे माझ्या लक्षातसुद्धा नव्हतं.” वकिलांनी फोन उचलला. धुतलेली बोटं आता काचेवर सहज फिरत होती. “सगळं पुसून टाकतो. आत्ता, तुमच्यासमोर.”

“पूस की.”

वकिलांचं बोट सोमवारच्या फोनवर आलं. तेवढ्यात बुवांनी त्यांचं मनगट धरलं.

“एक ऱ्हायलं. ह्यात तुळशीराम बोलतोय, ते वळखलं म्या. शपथा खाणारा वकील, त्यो बी वळखला. पर मधी एक माणूस हसतोय बघ... पोट धरून, लहान लेकरावानी. त्यो कोण?”

वकील गोंधळले. त्यांनी फोनकडं पाहिलं, मग बुवांकडं.

“...मीच, महाराज.”

बुवांनी त्यांना न्याहाळलं. इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत लावलेलं बटण, जुळवून घेतलेले गुडघे... सगळं सावकाश पाहिलं. मग मनगट सोडलं.

“नऊ वर्षं येतोयस मठात. त्या हसणाऱ्याला एकदा बी आणला न्हाईस.”