भिंतीपलीकडचं अंडं

“मग खरं अंडं कुठलं, ते तरी सांगा बाबा. माझं का आनंदाचं?”

लतीफबाबांनी चुलीतलं लाकूड जरासं आत सारलं आणि वरच्या भांड्याकडे बघत बसले.

हिंदुरावनं डोक्यावरची अंड्यांची बुट्टी खाली ठेवली. तिच्यावर लाल फडकं गच्च बांधलेलं होतं. टेकडी चढून त्याला धाप लागली होती, पण रागापुढं धापेचं काही चालत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पिराचा उरूस होता. उरसाला येणाऱ्यांसाठी टेकडीवरच्या तकियात, लतीफबाबांच्या मठीत, अंड्याचा रस्सा शिजे, आणि त्या रश्श्यात पहिली अंडी पडत ती हिंदुरावच्या घरची. मान त्याच्या आज्यापासूनचा. पुढं हलगी आणि मागं डोक्यावर बुट्टी घेतलेला घरातला थोरला. सारं गाव वाट सोडून उभं राहायचं.

यंदा धाकट्या भावानं, आनंदानं, बाबांना परस्पर निरोप धाडला होता. माझ्याकडं अंडी भरपूर आहेत, यंदा मला आणू द्या. म्हणून मान कुणाचा ते ठरवून घ्यायला हिंदुराव आदल्या दिवशीच बुट्टी उचलून वर आला होता.

दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. वडील, आबा, गेल्यावर आनंदानं आपल्या वाट्याच्या जुन्या असील वाणाच्या कोंबड्या विकल्या, तपकिरी अंडी देणाऱ्या साध्या कोंबड्या आणल्या, आणि हिंदुरावनं मधल्या अंगणात भिंत घातली. चांगली पुरुषभर उंच.

“सकाळी दोनी घरची अंडी आली न्हवं तुमच्याकडं?” हिंदुरावनं विचारलं.

“आली.”

“खाल्ली?”

“खाल्ली.”

“मग?”

“चांगली होती.”

“कुठली?”

“गरम होती तवर दोन्ही.”

हिंदुरावनं कपाळाला हात लावला. एवढ्या मोठ्या फकिराला जिभेची चव नसावी, याचं त्याला मनापासून वाईट वाटलं. मग तो पुढं सरकून बसला आणि समजावून सांगू लागला. लोकांना समजावून सांगणं त्याला फार आवडायचं.

“असं बघा. माझी असील. आज्यानं चालत जाऊन आणल्याला वाण. तवापास्नं बाहेरचं रक्त शिरू दिलं न्हाई. अंडं बारकं, पर बलक कसा घट्ट. ताटलीत फोडला तरी ढळत न्हाई.”

“आणि आनंदाचं?”

“त्याच्याकडं कागद हाय. सेंद्रिय म्हनून. औषध न्हाई, इंजेक्शन न्हाई, शेणखतावरची ज्वारी घालतो. कोंबड्या दिसभर मोकळ्या. समदं कबूल.” हिंदुराव खोटं बोलणारा माणूस नव्हता. “पर कोंबडी कसली? साधी. तिचा बा कोन, आजा कोन, काय पत्ता न्हाई.”

“अंड्याला ठाऊक असतं ते?”

हिंदुरावनं बाबांकडं रोखून बघितलं.

“विचारलं आपलं.”

हिंदुरावनं मग ठेवणीतला मुद्दा काढला.

“आनि त्याच्याकडं कोंबडा न्हाई. एकबी न्हाई. कोंबड्याबिगर आल्यालं अंडं ते. रस्सा हुईल त्याचा, पर पिल्लू न्हाई व्हायचं. जीवच न्हाई त्यात. असल्या अंड्याला पिराचा मान द्यायचा?”

“तुझ्याकडं कोंबडा आहे.”

“हाय म्हंजे? तुमी बघितलाय की.” हिंदुरावची छाती आपोआप पुढं आली. “रोज सकाळी भिंतीवर चढतो, आनंदाच्या अंगणाकडं तोंड करून आरवतो. मी म्हन्तो आरव. कळू दे तिकडं, खरा वाण कुणाकडं हाय ते.”

“आरवून झाल्यावर?”

“झाल्यावर काय? हिंडतो कुठंतरी. दाणं टाकायच्या टायमाला येतो बरोबर.”

“हं,” बाबा म्हणाले.

भांड्यातल्या पाण्याला आधण आलं. बाबांनी चहाची पूड टाकली, झाकण ठेवलं, आणि बुट्टीकडे बोट केलं.

“फडकं सोड.”

“उद्या सोडायचं. हलगी वाजल्यावर.”

“सोड, हिंदुराव.”

गाठ लवकर सुटेना. सुटली तेव्हा हिंदुराव दुसरीकडं बघत होता. बुट्टी निम्मीसुद्धा भरली नव्हती. खाली भाताचं काड दाबून दाबून भरलं होतं आणि वर अंड्यांचा एक थर, बस्स.

“असील अंडी कमीच देती, बाबा,” तो हळू आवाजात म्हणाला. “चार दिली न दिली तवर खुडूक हुती आनि बसती उबवत. पयलं आळीत घरोघर असील हुती. एकमेकांची घालून बुट्टी भरायची. आता माझ्या एकट्याकडं ऱ्हायलीया. कोंबड्या म्हाताऱ्या झाल्या. गेल्या साली रोग आला, त्यात पिल्ली गेली.”

बाबांनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

“आबांनी जाताना एकच सांगितलं हुतं. वाण राखा म्हनून. दोघांचाबी हात धरून सांगितलं. त्यो इसरला. माझ्या एकट्याच्यानं काय निभत न्हाई. म्हनून इचारतो, खरं कुठलं? निम्मी का असंना, खरी हाईत एवढं तुमी म्हना. मग मी ताठ मानेनं घेऊन येतो.”

सत्तरीकडं झुकलेला तो गडी फडक्याची गाठ मारत आणि सोडत बसला. त्याला रडू येत होतं आणि फकिरासमोर रडायचं नव्हतं.

बाबा उठले. “ये.”

तकियाच्या कोपऱ्यात, भिंतीच्या आडोशाला एक मोडकी पाटी होती. भुसा घातलेली. त्यात एक असील कोंबडी फुगून बसली होती. मागच्या उरसाला हिंदुरावनंच ती पिराला वाहिलेली. तीन आठवड्यांमागं ती खुडूक झाली तेव्हा, दोन्ही घरून तकियात येणाऱ्या अंड्यांतली हाताला लागली ती बाबांनी तिच्याखाली सारली होती.

तिच्या पंखातून दोन इवल्या चोची बाहेर आल्या.

हिंदुरावचा चेहरा उजळला. “फुटली. माझीच न्हवं ही? बघा. बघा, चोचीवर तुऱ्याच्या तीन रेघा. असीलची खूण. साध्या कोंबडीच्या पिल्लाला एकच रेघ असती.”

“बघितल्या.”

बाबांनी कोंबडीला जरा उचललं. खाली आणखी एक अंडं होतं. तपकिरी.

हिंदुरावच्या कपाळाला आठी पडली. “हे हितं कसं?”

“सगळी एकाच टोपल्यात होती. मला कुठं वाण कळतो.”

“काढा ते. कुजलं आसंल आतापतूर. पाटीत फुटलं तर घाण हुईल.”

“राहू दे की.”

“जीव न्हाई त्यात, सांगतोय न्हवं मी.”

“आणि असला तर?”

“कसा असंल?”

“असला तर?”

हिंदुराव इरेला पेटला. “असला तर आनंदाच्या दारात जातो. त्याची अंडी माझ्या बुट्टीत घालतो आनि उद्या हलगीमागं माझ्या डोक्यावरनं आनतो. पिराच्या म्होरं बोलतोय.”

बाबांनी तपकिरी अंडं उचलून त्याच्या तळहातावर ठेवलं.

“कानाला लाव.”

हिंदुरावनं लावलं. तोंडावर हसू होतं, ते आधी तसंच राहिलं.

मग गेलं.

त्यानं अंडं दुसऱ्या कानाला लावलं. डोळे मिटले. आतून कोणीतरी टकटक करत होतं. बारीक, चिवट... थांबून पुन्हा.

“काय म्हणतंय?” बाबांनी विचारलं.

ज्या हातानं भिंत घातली होती त्याच हातानं हिंदुरावनं अंडं पुन्हा कोंबडीखाली सरकवलं, आणि तिथंच मातीत मांडी घालून बसला.

चहा झाला. ऊन भिंतीवरून खाली उतरलं. बाबांनी मधे जाऊन उद्याच्या रश्श्याची हंडी घासली. हिंदुराव हलला नाही. कवचाला आधी एक तडा गेला, मग खपली पडली, मग चोच दिसली. मधेच पिल्लू दमून गप्प झालं. तेव्हा हिंदुरावच्या तोंडून निघून गेलं, “रेट, लेकरा, रेट.”

आणि कवच दुभंगलं.

ओलं, लडबडलेलं, उभंही राहता न येणारं पिल्लू. कोंबडीनं त्याला चोचीनं जवळ ओढलं. आपलं की परकं, याची चौकशी तिनं केली नाही.

हिंदुराव वाकून वाकून बघत होता. पाय बघितले. जाडजूड. मान बघितली. लांब. मग बोटाच्या टोकानं त्यानं पिल्लाची हनुवटी वर केली आणि चोचीवर बघितलं.

तीन रेघा.

आबांचा वाण समोर होता, आणि साध्या कोंबडीच्या अंड्यातून आला होता. भिंतीपलीकडच्या. मग एकदम त्याला उमगलं, आपला कोंबडा आरवून झाल्यावर रोज कुठं हिंडायला जातो ते. ज्या भिंतीनं भाऊ अडवला होता, तिच्यावरूनच तो मजेत पलीकडं उतरत होता.

“हरामखोर,” हिंदुराव म्हणाला. इतक्या मायेनं त्यानं ही शिवी आजवर कुणाला दिली नव्हती.

आणि तो हसायला लागला. आधी नुसतं पोट हललं, मग खांदे, मग तकियाच्या पत्र्यावरची पाखरं उडून जातील इतक्या मोठ्यानं हसला. वाण संपणार म्हणून रात्र रात्र तळमळलेला माणूस मातीत बसून डोळे पुसत हसत होता. पलीकडं आनंदाच्या अंगणात भरपूर कोंबड्या होत्या. भरपूर अंडी होती. आबांच्या वाणाचं रक्त त्या सगळ्या अंगणात शिरलं होतं आणि दोघा भावांना पत्ता नव्हता. वाण राखायला आबांनी दोघांना सांगितलं होतं. दोघांनी राखला होता.

“हिंदुराव.”

“जी.”

“आता तू सांग. खरं अंडं कुठलं?”

हिंदुरावनं पाटीकडं बघितलं. तिन्ही पिल्लं पंखाखाली शिरली होती.

त्यानं अर्धी बुट्टी जवळ ओढली. फडकं बांधलं नाही, घडी करून खांद्यावर टाकलं. तरी तो उठेना. इतक्या दिवसांची अढी होती, पाय जड झाले होते.

“जातो म्हनलोय खरं, बाबा. पर दारात हुबा ऱ्हाऊन काय बोलू? काय म्हनून हाक मारू त्याला?”

टेकडीच्या पायथ्याशी दोन्ही अंगणं दिसत होती, मधे ती भिंत. भिंतीवर कोंबडा उभा होता. त्यानं मान ताणली, एकदा झकास आरवला, आणि पंख फडफडवून आनंदाच्या बाजूला उतरला.

बाबांनी बुट्टीला हात लावून ती हिंदुरावच्या डोक्यावर चढवली.

“चल, पाय उचल. तुझा कोंबडा तुझ्याआधी पोचला.”