कोपऱ्यातलं सोनं

फार मागे, माणसं सोडून गेलेल्या एका घरावर साळुंकी मैत्रिणीला सांगत होती, "कोपऱ्यात सोनं पुरलंय म्हणे, पण..." तेवढ्यात ससाणा दिसला नि दोघी उडाल्या.

त्याच कोपऱ्यात घूस पिल्लांना घेऊन राहायची. शेजारी साळिंदर. दोघांनीही ऐकलं होतं.

"वहिनी, नखांना माती कसली?" साळिंदराने विचारलं.

"तुमच्या काट्यांना लागलीय तीच, भावोजी!"

दुसऱ्याने आधी काढू नये म्हणून दोघंही भिंतीखाली उकरत राहिले. शेवटी भिंत बसली. पिल्लं कशीबशी बाहेर पडली, दोघांची बिळं मात्र गाडली गेली.

मातीतून तांब्याची डबी निघाली. आत सोनं होतं, तिळाएवढं.

"तेच सांगत होते," साळुंकी परतून म्हणाली, "वास्तुशांतीला एवढंसंच पुरतात. घर टिकावं म्हणून."