बाहेर वाजणारे गुडघे

डॉक्टर निंबकरांच्या दवाखान्यात बसलेल्या प्रत्येकाचा बदललेला गुडघा एकाच सुरात कट्कट् वाजत होता. दुखरा गुडघा दाखवायला आलेल्या कृष्णाबाई शेडग्यांनी ते ऐकलं. आत गेल्या, तर घड्याळावर, कॅलेंडरवर, डॉक्टरांच्या पेनावरही कृत्रिम गुडघे बनवणाऱ्या एकाच कंपनीचं नाव.

"गुडघा उद्याच बदलू. या कागदावर ऑपरेशनचे सगळे धोके लिहिलेत. सही करा," डॉक्टर गुरकावले.

"करते की! पण यात एक धोका राहिलाय, डॉक्टर. या कंपनीनं तुम्हाला काय काय दिलं, तेवढं लिहा आणि खाली तुमची सही करा. मग माझी."

बाहेरची कटकट एकदम थांबली.

डॉक्टरांनी कागद हळूच ओढून घेतला. "तसं... सध्या गोळ्यांवर भागेल तुमचं."

बाहेर पुन्हा कट्कट् सुरू झाली. एकेक गुडघा उठला आणि केबिनच्या दाराकडे येऊ लागला.